नाकाच्या पडद्याला भोक पडलंय? दुरुस्तीच्या ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तुमच्या नाकाच्या पडद्याला भोक आहे" हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं ते भलत्याच तक्रारीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यावर. काहीजण मात्र आधीच ओळखून असतात, कारण रात्री झोपेत त्यांचं नाक शीळ घालतं आणि घरच्यांची झोपमोड होते. दोघांचेही प्रश्न साधारण सारखेच असतात.

नाकाचा पडदा म्हणजे नेमका कुठला भाग?

दोन नाकपुड्यांच्या मधली भिंत. पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक हाडाचा. मागचा भाग खऱ्या हाडाचा. दोन्ही बाजूंनी ओलसर, गुलाबी अस्तर. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा: मध्ये पुरण, वर-खाली पारी. पुरणाच्या जागी कूर्चा, पारीच्या जागी अस्तर. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण दोन्ही बाजूंच्या अस्तरातून झिरपून होतं. एका बाजूचं अस्तर गेलं तर दुसरी बाजू तिला तगवते. समोरासमोर दोन्हीकडचं गेलं की मधली कूर्चा उपाशी मरते आणि आरपार भोक पडतं. भोक पडण्याची कारणं कितीही असली तरी शेवटचा टप्पा बहुतेक वेळा हाच असतो.

पण भोक पडतं कशामुळे?

सांगायला अवघड वाटतं, पण एक मोठं कारण आम्हीच, म्हणजे डॉक्टर. 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणून पडदा सरळ करण्याचं ऑपरेशन होतं, त्यात दोन्ही बाजूंचं अस्तर एकाच ठिकाणी फाटलं आणि ते तिथेच नीट शिवलं गेलं नाही, तर काही आठवड्यांनी भोक दिसू शकतं. पूर्वी कूर्चेचा मोठा तुकडा काढून टाकायची पद्धत होती, तेव्हा हे जास्त व्हायचं. घोळणा वारंवार फुटतो म्हणून एकाच बैठकीत दोन्ही बाजूंना, समोरासमोर, डाग दिले तरी हाच धोका.

दुसरं कारण मार. नाकावर चेंडू किंवा कोपर लागला, पडद्यात रक्त साचलं आणि कोणी आत बत्ती टाकून पाहिलंच नाही, तर साचलेलं रक्त अस्तराला कूर्चेपासून सोडवतं. काही दिवसांत कूर्चा विरघळायला लागते, त्यात पू झाला तर आणखी लवकर. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या एकदम बंद झाल्या तर त्याच दिवशी दाखवा. सूज उतरायची वाट बघू नका.

मग औषधं आणि व्यसनं. सर्दीत नाक झटकन मोकळं करणारे थेंब रक्तवाहिन्या आवळतात. चार-पाच दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने टाकले तर अस्तर सुकतं. कोकेनही रक्तवाहिन्या आवळतं, फक्त कित्येक पटींनी जोरात. अॅलर्जीचे स्टिरॉइड स्प्रे मुळात सुरक्षित आहेत, पण रोज नेम धरून पडद्यावरच मारले तर तिथे जखम होते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं.

शेवटी आजार: क्षयरोग, कुष्ठरोग, सिफिलिस, सारकॉइडोसिस, ल्युपस, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा 'जीपीए' (जुन्या पुस्तकांत याला वेगनर म्हणत) आणि क्वचित लिम्फोमा नावाचा कर्करोग. ही यादी लांबलचक असली तरी प्रत्यक्षात यातलं काही निघण्याची शक्यता कमी असते. पण निघालं तर भोकापेक्षा ते कितीतरी महत्त्वाचं.

नुसतं नाकात बोट घालून भोक पडू शकतं?

हो. खपली धरते, ती नखाने काढली जाते, खाली जखम होते, पुन्हा खपली धरते. वर्षानुवर्षं हेच चाललं तर पडतं. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. हे कारण लपवलं तर उगाच दहा तपासण्या होतात.

नथीमुळे किंवा बुलाकीमुळे?

नथ टोचतात ती नाकपुडीच्या बाहेरच्या पाळीला. पडद्याशी तिचा संबंध नाही. बुलाक मधोमध लोंबते, पण तिचं छिद्र कूर्चेच्या पुढच्या मऊ कातडीतून जातं. टोचताना मागे सरकून कूर्चेतून गेलं आणि पिकलं तर त्रास होऊ शकतो. सहसा होत नाही.

माझ्या नाकातून शीळ येते. भावाचं भोक माझ्यापेक्षा मोठं असून त्याला काहीच त्रास नाही, असं कसं?

बासरी आठवा. लहान भोकाच्या कडेवर हवा आपटली की सूर निघतो. भोक मोठं झालं की सूर बंद. म्हणून शीळ हे बहुधा लहान आणि पुढच्या भागातल्या भोकाचं लक्षण असतं.

भोकाची जागाही महत्त्वाची. पुढच्या भोकाच्या कडांवर बाहेरची कोरडी हवा थेट आदळते, त्यामुळे खपल्या, रक्त, दुखरेपणा, आणि नाक मोकळं असूनही 'बंद' वाटणं. मागच्या भोकापर्यंत पोहोचेतो हवा उबदार आणि ओलसर झालेली असते, म्हणून तिथे कुरबुर नसते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ हल्ली नाकातून दुर्बिणीने काढतात, तेव्हा सर्जन पडद्याचा मागचा तुकडा मुद्दाम काढून वाट करतात. त्यातल्या बहुतेक रुग्णांना नाकात कायमचं भोक आहे हे जाणवतही नाही.

कानाच्या पडद्याचं भोक कधी कधी आपोआप भरतं. नाकाचंही भरेल?

नाही. कानाच्या पडद्याची ताजी फाट बऱ्याचदा स्वतःच भरते. नाकात मात्र दोन्ही बाजूंचं अस्तर भोकाच्या कडेला एकमेकांना चिकटून गोल शिवण घातल्यासारखं बसतं, आणि शरीराच्या लेखी काम तिथे संपलेलं असतं. दोन्ही पडद्यांच्या दुरुस्तीत एक साम्य आहे: कानशिलावरच्या स्नायूचं पातळ पांढरं आवरण कानातही वापरतात आणि नाकातही.

ऑपरेशनआधी कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

आधी खपल्या भिजवून काढायच्या, दुर्बिणीने बघायचं, आणि भोक मोजायचं. नुसत्या खपल्यांच्या वरून कुणी माप सांगितलं तर ते धरून चालू नका.

कारण उघड असेल, जसं की पूर्वीचं ऑपरेशन, आणि कडा शांत असतील, तर फार तपासण्या लागत नाहीत. कारण सापडत नसेल, कडा लाल-रक्ताळलेल्या असतील, भोक वाढत असेल, सोबत ताप, वजन घटणं, सांधेदुखी, लघवीतून रक्त असं काही असेल, तर रक्तातल्या एएनसीए (ही जीपीएसाठी) आणि सिफिलिसच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे, सायनसचा सीटी स्कॅन, आणि गरज वाटली तर कडेचा छोटा तुकडा काढून तपासणी. तुकडा शक्यतो मागच्या कडेचा घ्यावा, कारण पुढची कड कापली तर भोक पुढे सरकतं आणि त्रास वाढतो.

आजार पेटलेला असताना दुरुस्ती करणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला रंग देणं. जीपीएसारखा आजार औषधांनी बराच काळ शांत राहिला पाहिजे. कोकेन तर पूर्ण सुटलेलं असलंच पाहिजे, निदान सहा महिने ते वर्षभर. इथे सर्जनने कठोर व्हावं असं माझं मत आहे.

भोक आहे म्हणजे ऑपरेशन करायलाच हवं?

मुळीच नाही. त्रास नसेल तर भोकाला हात लावू नये. थोडा त्रास असेल तर आधी ओलावा. मिठाच्या पाण्याने दिवसातून दोन-तीनदा नाक धुवा: एक ग्लास उकळून गार केलेलं पाणी, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळलेलंच हवं. नळाचं थेट पाणी नाकात घालू नका. डॉक्टरांनी दिलेलं मलम झोपताना कडांना हलक्या हाताने लावा. जलनेतीची सवय असलेल्यांना हे सगळं सोपं जातं. फक्त जोरात शिंकरण्याचा भाग वगळा. एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

मधला मार्ग म्हणजे सिलिकॉनचं बटण. दोन पातळ चकत्या, मध्ये छोटा दांडा. शर्टाच्या कफलिंकसारखं भोकात बसतं. शीळ थांबते, रक्त कमी होतं. रोज नाक धुवावं लागतं, अधूनमधून बटण बदलावं लागतं, आणि काहींना ते सोसत नाही, सतत आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पण ऑपरेशनला घाबरणाऱ्या किंवा भूल देण्याजोगी तब्येत नसलेल्या माणसासाठी हा चांगला उपाय आहे. आपल्याकडे तो पुरेसा सुचवला जात नाही.

काही वेळा तक्रार फक्त शिळेची असते, तेव्हा लहान भोक मागच्या बाजूला मुद्दाम मोठं करतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण सूर थांबतो.

दोन टाके घालून बंद का करत नाहीत?

विरलेल्या धोतराला पडलेलं भोक नुसतं ओढून शिवून पाहा. शिवणीच्या शेजारीच फाटतं. नाकातलं अस्तर कूर्चेला घट्ट चिकटलेलं असतं, ते आपणहून पुढे येत नाही. ओढून शिवलं तर ताणाखाली त्याचा रक्तपुरवठा बंद होतो, टाके सुटतात, आणि आठवड्याने आधीपेक्षा मोठं भोक समोर असतं. वरून नुसतं ठिगळ चिकटवूनही भागत नाही, कारण त्या ठिगळाला जगवायला बाजूला रक्त हवं.

मग ऑपरेशनमध्ये नक्की करतात काय?

पूर्ण भूल देऊन, दुर्बिणीने नाकाच्या आतून किंवा दोन नाकपुड्यांमधल्या कातडीवर बारीक छेद देऊन नाक उघडून. छेद देऊन केलं तर दिसतं चांगलं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दुर्बिणीने केलं तर बाहेर व्रण नाही. कुठली पद्धत हे भोकापेक्षा सर्जनच्या हाताच्या सवयीवर जास्त ठरतं, आणि त्यात गैर काही नाही.

पुरणपोळीकडे परत येऊ. पहिलं काम म्हणजे दोन्ही पाऱ्या पुरणापासून अलगद सोडवणं. भोकाच्या आसपास पुरण उरलेलंच नसतं, दोन पाऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि सगळं कौशल्य तिथेच लागतं. एक चूक झाली की भोक वाढतं. मग नाकाच्या तळाकडचं आणि छताकडचं अस्तर लांबवर मोकळं करून भोकाकडे सरकवतात आणि ताण न देता शिवतात. दोन्ही बाजूंचं मिळालं तर उत्तम. निदान एका बाजूचं तरी पूर्ण बंद व्हावं लागतं.

दोन पाऱ्यांमध्ये नवं पुरण भरतात: कानशिलावरच्या स्नायूचं आवरण (व्रण केसांत लपतो), कानाच्या पाळीमागून घेतलेली कूर्चा, पडद्याचीच उरलेली कूर्चा, किंवा पीडीएस नावाच्या विरघळणाऱ्या पातळ पत्र्यावर हे आवरण पसरून. हा थर दोन शिवणींना एकमेकींपासून वेगळं ठेवतो. एका बाजूचा टाका सुटला तरी आरपार भोक पडत नाही.

अस्तर सरकवून पुरत नसेल तर दुसरीकडून आणतात, पण देठासकट. नाकाच्या आतल्या मांसल घडीचं अस्तर, पुढच्या एथमॉइड धमनीवर पोसलेला पडद्याचाच तुकडा, गालाच्या किंवा ओठाच्या आतलं अस्तर, आणि फारच मोठ्या भोकासाठी कपाळाच्या हाडावरचं आवरण. देठ म्हणजे रक्तवाहिनी. ती जिवंत राहिली तर तुकडा जगतो.

ही देठाची युक्ती इथे, आपल्या मातीत फार जुनी आहे. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी इंग्रजांच्या सैन्यातल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं नाक कापलं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी देठासकट वळवून नवं नाक बसवलं, आणि ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये चित्रासह छापून आली. ते बाहेरचं नाक होतं, पडदा नव्हे. पण तत्त्व हेच.

वेळ साधारण दोन ते चार तास. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

माझं भोक बंद होण्यासारखं आहे का?

ढोबळमानाने एक सेंटिमीटरपर्यंत लहान, दोनपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठं. पण रिपोर्टमध्ये फक्त लांबी लिहिली असेल तर उंचीही विचारा. अस्तर सरकतं ते वरून आणि खालून. त्यामुळे आडवं, लांबट भोक बंद करणं सोपं; तेवढंच भोक उभं असेल तर अवघड. दोन सेंटिमीटर लांब आणि एक उंच, हे दोन उंच आणि एक लांब असण्यापेक्षा पुष्कळ बरं. शिवाय कडेला थोडी कूर्चा शिल्लक आहे की सगळीकडे नुसतं अस्तर चिकटलेलं आहे, हेही बघावं लागतं. ऑपरेशन आधी एकदा होऊन फसलेलं असेल तर कातडं राठ झालेलं असतं.

यशाची खात्री किती?

हे काम नेहमी करणाऱ्या हातात लहान भोकं दहापैकी नऊ वेळा किंवा त्याहून जास्त वेळा बंद होतात. दोन सेंटिमीटरच्या पुढे हे प्रमाण घसरतं, आणि पडद्याचा बहुतेक भागच गेलेला असेल तर 'शंभर टक्के' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. सर्जनला सरळ विचारा: अशी किती केलीत, किती टिकली? हा उद्धटपणा नाही. नाकाचं हाड सरळ करण्याची ऑपरेशनं शेकड्यांनी करणाऱ्या चांगल्या सर्जननेही भोक बंद करण्याची मोजकीच केलेली असू शकतात.

एक गंमत, अर्थात ज्याच्यावर येते त्याला ती गंमत वाटत नाही: मोठं भोक अर्धवट बंद झालं आणि लहान भोक उरलं, तर आधी नसलेली शीळ सुरू होऊ शकते.

माझं नाक मधे बसलंय. ते याच ऑपरेशनमध्ये वर येईल?

भोक बंद केल्याने आकार आपोआप सुधारत नाही. पडदा हा नाकाचा खांब. तो ढासळला की नाकाची दांडी खचते. उभारायला बरगडीची कूर्चा लागते. काही सर्जन दोन्ही एकाच वेळी करतात, काही आधी भोक आणि काही महिन्यांनी आकार. मोठ्या भोकात दुसरा मार्ग मला जास्त पटतो.

ऑपरेशननंतर किती दिवस घरी?

दहा ते चौदा दिवस धरून चाला. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पट्ट्या टाक्याने बसवतात, त्या दोन ते तीन आठवडे राहतात, कधी जास्त. तोवर नाक चोंदलेलं राहणार आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणार. दिवसातून अनेकदा मिठाच्या पाण्याचा फवारा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. शिंकरणं बंद. तीन-चार आठवडे वजन उचलणं, खाली वाकून फरशी पुसणं, जिम, पोहणं नाही. ढोल पथकाचा सरावही नाही. विमानप्रवास कधी करायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आतला थर नव्या अस्तराने पूर्ण झाकला जायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून पट्ट्या काढल्यावर लगेच 'झालं का?' असं विचारून उपयोग नाही.

सिगारेट, तपकीर, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या?

सिगारेट आणि बिडी निदान महिनाभर आधी बंद, नंतरही बंद. तपकीर कायमची बंद. साखर आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. ज्यांनी दिल्या त्यांना विचारा.

लहान मुलाच्या नाकात बटण सेल गेला होता...

गेला 'होता' असेल तर तपासून घ्या. आत्ता असेल तर हे वाचणं थांबवा आणि निघा. खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा सेल ओल्या अस्तराला लागला की विजेच्या प्रवाहाने तिथे कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो आणि काही तासांत पडदा जळू शकतो. पाणी, तेल, थेंब काही घालू नका. भोक पडलंच तर दुरुस्ती सहसा मूल मोठं झाल्यावर करतात, कारण वाढत्या पडद्यावर काम केलं तर नाकाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

मी क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात आहे. त्याचा संबंध?

थेट संबंध. क्रोमिक आम्लाचं धुकं पडद्याच्या पुढच्या भागाला खातं, आणि बरेचदा ते दुखत नाही, म्हणून कामगाराला पत्ताच लागत नाही. क्रोममुळे होणारा व्रण हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे; जुन्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टातही तो होता. डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. त्याच टाकीपाशी परत उभं राहायचं असेल तर दुरुस्ती टिकणार नाही.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झाला होता. तेव्हा पडदाही काढावा लागला.

तुमचं गणित वेगळं आहे. अशा रुग्णांत बहुधा पडद्यासोबत टाळू आणि सायनसच्या भिंतीही गेलेल्या असतात. बुरशी पूर्ण गेली आहे हे सीटी आणि दुर्बिणीने पक्कं झाल्यावर आधी टाळूचा विचार होतो, कारण खाणं-बोलणं त्यावर अवलंबून. पडदा शेवटी, अनेकदा करावाच लागत नाही.

विम्यात बसतं का?

भोक बंद करणं हा उपचार आहे, सौंदर्य शस्त्रक्रिया नाही. पण नाकाचा आकारही सुधारणार असाल तर कंपनी हरकत घेऊ शकते. सर्जनकडून लक्षणं आणि भोकाचं माप लिहिलेलं पत्र आधीच घ्या आणि पूर्वमंजुरी मागा.

एकदा ऑपरेशन फसलं. पुन्हा करता येईल?

बऱ्याचदा येतं. पण निदान सहा महिने थांबा. सूज उतरू दे, कडा मऊ होऊ दे. आणि दुसऱ्या सर्जनकडे जाताना पहिल्या ऑपरेशनची टिपणं मागून न्या: कुठलं अस्तर सरकवलं, कानशिलावरचं आवरण कुठल्या बाजूचं घेतलं, कुठली रक्तवाहिनी वापरली गेली. डिस्चार्ज कार्डावर हे सहसा नसतं. ऑपरेशन नोटची वेगळी प्रत मागावी लागते, आणि ती मिळणं हा तुमचा हक्क आहे.